हो म्हणायची, पण ऐकायची नाहीत

साठच्या दशकात मी पालघरच्या ब्लॉक ऑफिसात ग्रामसेविका होते. लोकांची मतं बदलायची, याचा मला पगार मिळायचा. एकाचं तरी बदललं का, ते छातीठोक सांगता येणार नाही. किस्से मात्र इतके साठले की एक काढायला जावं तर चार गळ्यात पडतात.

*

सातपाटीच्या हौसाबाई मासळी विकायच्या. त्यांच्या घरी आम्ही बिनधुराची चूल बांधून दिली. धुराने डोळे कसे जातात, ते मी तासभर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि जुन्याच चुलीवरचं बोंबलाचं कालवण मला पोटभर वाढलं.

पुढच्या खेपेला गेले, तर नव्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"बाय, तुमची चूल लई गुणाची," हौसाबाई म्हणाल्या. "धूर नाय म्हणून तर बसली ती."

*

बोईसर स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला मी समजावलं की तारापूरला समुद्रकाठी वीज तयार होणार, घरोघर दिवे लागणार. त्याने सगळं ऐकलं, चहाही पाजला. मग काळजीने म्हणाला, "पण समुद्रावर वारा किती! दिवा टिकंल का?"

*

पालघरजवळच्या माहीमला एका आजोबांची पानवेलींची वाडी होती. त्यांना नवं खत पटवायला आमचे साहेब स्वतः आले. आजोबांनी चपला बाहेर काढायला लावल्या आणि हळूच म्हणाले, "इथं वाद नाय घालायचा. वेली सुकतात."

आता न बोलता खत पटवणार कसं? आम्ही त्या हिरव्या, गार सावलीत नुसते बसून राहिलो. पानांतून ऊन ठिबकत होतं, पाटाचं पाणी कुठेतरी वाहत होतं. थोड्या वेळाने साहेब घोरायला लागले. जागे झाले तेव्हा दुपार कलली होती.

जीपमध्ये बसताना म्हणाले, "म्हाताऱ्याचं बरोबर आहे." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

*

सगळ्यांत अवघड हौसाबाईंचे यजमान, धर्मा नाखवा. गावातल्या होड्यांना इंजिनं बसू लागली, तरी यांचं आपलं शीडच. मुलगा काशिनाथ वैतागला. इंजिन नसेल तर तारापूरला बांधकामावर जातो म्हणाला. बापलेकांचं बोलणं बंद झालं, तेव्हा हौसाबाईंनी मला मध्ये घातलं.

कितीतरी संध्याकाळी मी नाखव्यांपुढे बसले. शेवटी ते म्हणाले, "बसव म्हणावं इंजिन. होडी चालंल ती वाऱ्यावरच."

इंजिन बसलं. एका सकाळी मलाही फेरी मारायला नेलं. वारा साफ पडलेला, समुद्र तेल ओतल्यासारखा. इंजिन धडधडत होतं आणि नाखवा शीड उभारून, दोर धरून बसले होते. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं.

परतताना काशिनाथ बोलला. कित्येक दिवसांनी बापाशी बोलला.

"बाबा, वारा नाय."

"मग होडी कशी चालली?"

काशिनाथने इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. होडी आता थांबेल, मग थांबेल, म्हणून मी बघत राहिले. शीड तसंच लोंबत होतं. किनाऱ्यावरचे माड मोठे होत गेले. मग वाळत घातलेले बोंबील दिसले, मग हौसाबाई ओळखू आल्या.

काशिनाथ बराच वेळ वाकून पाण्याकडे पाहत होता. मग उठला, बापाशेजारी जाऊन बसला आणि दोराला हात लावला.