भिंतीतला बल्ब

देवणीकडच्या आमच्या गावात कमी मिळकतीच्या घरांना सरकारी वीज मिळाली, तेव्हा मी सातवीत होते. मीटर नव्हता. दरमहा थोडी ठरलेली रक्कम भरायची आणि घरात एकच बल्ब लावायचा, तोही चाळीसचा. जास्त आढळलं तर वायर कापणार, असं जोडणी देतानाच बजावलं होतं.

आमचं नाव यादीत होतं, भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या विधवा काकीचं नव्हतं. तिचा अर्ज वर गेला आणि मधेच आमचा जिल्हा वेगळा झाला. कागद जुन्या जिल्ह्यात राहिला की नव्यात आला, हे कुणालाच सांगता येईना. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले असताना आई आणि काकीने पहारीने मधल्या जाड मातीच्या भिंतीला परातीएवढं भोक पाडलं आणि भिंतीच्या जाडीच्या बरोबर मधोमध खिळा ठोकून बल्ब टांगला. एक बल्ब, दोन घरं.

मला प्रश्न पडला, उजेड सारखा वाटला जातो का? मी पुस्तक घेऊन दोन्हीकडे मागे मागे सरकत गेले. आमच्याकडे भिंतीपासून सहा हातांवर अक्षर लागत होतं, काकीकडे चारच हातांवर. आमच्या भिंतींना चुना होता, तिच्या शेणाने सारवलेल्या होत्या. मी हे काकीला सांगितलं आणि विसरले. ती विसरली नाही. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, त्यातल्या दोन घागरी तिने चुना भिजवायला वापरल्या. आई तिला फार बोलली.

"पिऊन तरी संपणारच हाय की, जाऊबाई," काकी म्हणाली. "हे दिसंल तरी."

मी पुन्हा मोजलं. काकीकडे साडेसहा हात! वायर आमची, पैसे आमचे आणि अर्धा हात तिच्याकडे जास्त, हे मला सोसेना. एका दुपारी बटण बंद करून मी खिळा उपटला आणि चार बोटं आमच्या बाजूला ठोकला. काकीचे पाच हात झाले. मी कुणाला काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी दिवेलागणीला वायरमन तपासणीला आला. दोन दारांतून उजेड दिसल्यावर त्याने बाहेरूनच वहीत दोन बल्ब लिहिले. आईने त्याला आत आणून भोक दाखवलं. त्याने भोकात डोकं घालून पाहिलं. मग म्हणाला, की बल्ब एक असला तरी तो एकाच घरात पाहिजे. मधोमध असेल तर दोघींचा धरावा लागेल आणि मग वायर कापावी लागेल.

खिळा मधोमध आईनेच ठोकला होता आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

"मधोमध नाही," मी म्हणाले. "आमच्याकडून चौदा बोटं, काकीकडून बावीस."

आईने माझ्याकडे चमकून पाहिलं. वायरमनने स्वतः मोजलं. त्याची बोटं जाड, त्यामुळे बारा आणि एकोणीस भरली. पण कमी कुठे, जास्त कुठे, त्यात फरक पडला नाही. त्याने दोनवर काट मारून एक लिहिलं.

"बल्ब ह्या घरातला," तो म्हणाला. "उजेड कुठं जातो ते लिहायला वहीत जागा न्हाई."

तो गेल्यावर काकीने विचारलं, "किती सरकवला गं?"

"चार बोटं."

"आन् मी म्हणत व्हते, डोळे गेले माझे."

आई मला मारायला उठली, तेव्हा काकीनेच तिचा हात धरला. खिळा आता तिथेच राहणार होता, त्याला इलाज नव्हता. पण काकीचे गेलेले दीड हात माझ्या डोक्यातून जाईनात. भोकाच्या आतल्या मातीला चुना लावला तर? काकीकडे थोडा चुना उरला होता. पाणी मी माझ्या प्यायच्या तांब्यातलं घातलं.

काकीकडे पाचाचे सहा झाले. आमच्याकडे किती कमी झाले असतील म्हणून मी मोजायला गेले. काहीच कमी झालं नव्हतं. मी दोनदा मोजलं.