गाडीला लावलेला तुपाचा डबा

माझी बायको आणि माझी बहीण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याला कारण होती डिझेल इंजिनातली तेलाची वाफ.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी जुनी डिझेल गाडी घेतली होती. (भाव असा पाडला की विकणारा रडायचा बाकी होता!) पण इंजिनातली तेलाची वाफ नळीवाटे हवेच्या पाइपात शिरायची. पाइप आतून तेलकट आणि गाडीमागे हा धूर! द्वारका चौकातले गॅरेजवाले बबनमिस्त्री म्हणाले, "शेठ, मधे एक डबा बसवू. तेल डब्यात साचेल, हवा पुढे जाईल."

डब्याचा भाव ऐकून माझं डोकंच फिरलं. "डबा बसवताय की देवळाला कळस?"

"मेहनत असते, शेठ!"

मी उठून तरातरा चालू लागलो. सौदा असाच करायचा असतो. गिऱ्हाईक निघालं की मागून हाक येते आणि भाव उतरतो. हाक आलीच. "शेठ, अहो ऐका तरी!" मी वळलो नाही. पहिल्या हाकेला वळेल तो कसला व्यापारी! मिस्त्री ओरडतच राहिले, मी भाव आणखी उतरायची वाट बघत चालतच राहिलो, आणि घर आलं.

घरात स्टीलचा कडीचा डबा घासून पालथा ठेवलेला दिसला. झाकणाला दोन भोकं पाडली, नळ्या बसवल्या, आत तारेची घासणी कोंबली. धूर खरंच गेला!

डबाही गेला. भाऊबीजेला आलेली माझी बहीण आदल्याच दिवशी परत गेली होती.

"अहो, माझा तुपाचा डबा कुठाय? ताई जाईपर्यंत तर होता!" सुनंदा म्हणाली.

मी पेपर जरा वर धरला. फोन झाले. "मी काय डबेचोर वाटले का, वहिनी?" इथपर्यंत गेलं. मी क्रीडा पान वाचत राहिलो.

संक्रांतीनंतर सुनंदा आणि सासऱ्यांना घेऊन सप्तशृंगीला निघालो. अण्णा ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. जावई जुन्या गाडीत फसला, हे त्यांचं मत. ते मला त्या दिवशी पुसून टाकायचं होतं!

वणी मागे टाकल्यावर मी विचारलं, "अण्णा, आहे का कुठे धूर?"

"नाही बुवा," अण्णा म्हणाले. लग्नानंतर प्रथमच ते माझ्याशी सहमत झाले होते!

घाट लागला. गाडी चढाला तिरकी झाली आणि एकाएकी इंजिन बोंबलायला लागलं. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी बोंबलतंय. गाडी बाजूला घेऊन किल्ली उपटली, तरी बोंबलतंय! मागे सगळा घाट निळा. एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, "ओ भाऊ, डास मारायचं मशीन हाय का?"

"जावईबापू, टॉप गिअर टाका! ब्रेक दाबा! आता क्लच सोडा!" अण्णा गरजले. दणका बसला आणि इंजिन गप्प झालं.

अण्णांनी बॉनेट उघडलं. डबा तेलानं काठोकाठ भरलेला, तेच तेल इंजिन डिझेलसारखं ओढून जाळत होतं. अण्णांनी रुमालानं डबा पुसला, चष्मा लावला आणि कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली : "चि. सुनंदास, अण्णांकडून सप्रेम भेट."

"अहो!" सुनंदा किंचाळली. "ताईंना काय काय बोलले मी!"

गाडी ओढून मिस्त्रींकडे आणली. ते म्हणाले, "शेठ, मी तेव्हा किती ओरडलो! म्हटलं, घरी बसवला तर डबा दर आठवड्याला रिकामा करा!"

"मला वाटलं, तुम्ही भाव उतरवताय!"

मिस्त्रींचा डबा त्यांच्याच भावानं घेतला. तो राग मात्र सराफ बाजारातल्या भांडीवाल्यावर काढला. तुपाच्या नव्या डब्यावर नाव फुकट कोरून देईन, तेही कितीही लांब, असं भांडून कबूल करून घेतलं. आणि विजयाच्या भरात सुनंदाला म्हणालो, "सांग तुला काय हवं ते!"

आजही पाहुण्यांच्या वरणभातावर तूप वाढताना सगळे वाचतात : "सौ. सुनंदा हिचा डबा. ताईंनी खुशाल न्यावा. यजमानांनी हात लावू नये."