भांडुपची खिडकी आणि मुलुंडचा पाळणा

भांडुपहून मुलुंडला जाण्याला प्रवास म्हणतात का, असं कुणी विचारलं तर मी भांडायला तयार आहे. रिक्षात बसून घाम पुसेपर्यंत मुलुंड येतं, हे मलाही कळतं. पण या प्रवासाची तयारी वर्षभर चालली होती, आणि काश्मीरला जाऊन आलेल्या माणसाला सांगण्यासारखं जेवढं असतं त्याहून जास्त संताप मी बरोबर घेऊन आले आहे.

माझी काकी भांडुप पूर्वेला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. काका गिरणीत होते. गिरणी गेली, मग काका गेले, काकी मात्र त्याच घरात राहिली. तिच्या स्वयंपाकघराला एक खिडकी आहे. खिडकीखाली नाला, नाल्यापलीकडे मिठागरं, त्यापलीकडे खाडी. तिकडून रस्ताच नाही, त्यामुळे ती खिडकी बाहेरून कशी दिसते ते आजवर कुणीही पाहिलेलं नाही. काकीने त्या खिडकीत उभं राहून सून ते सासू हा सगळा प्रवास केला, पण खिडकीचं तोंड तिला कधी दिसलं नाही.

गेल्या वर्षी मुलुंडच्या बाजूला एक नवं करमणूक उद्यान उभं राहू लागलं. त्यातला उंच खांब काकीला ओट्यापाशी उभं राहून दिसायचा. खांबाभोवती खुर्च्यांचं एक कडं, ते फिरत फिरत वर जाणार आणि वर थोडा वेळ थांबणार. फलकावर नाव होतं ‘गगनपाळणा’ आणि खाली ‘सर्व वयाच्या लोकांसाठी’. काकीच्या तोंडी त्याचा लगेच ‘पाळणो’ झाला. आज किती खुर्च्या लागल्या, रंग कुठला दिला, याच्या बातम्या ती मला जोगेश्वरीला फोन करून द्यायची. मी शाळेत मास्तरीण आहे. मधल्या सुट्टीत मला पाळण्याचा अहवाल मिळे.

एकदा मी विचारलं, “काकी, तुला त्यात बसून करायचंय काय?”

“अगो, खिडकेतसून पाळणो दिसता, मगे पाळण्यातसून खिडकी दिसतली मां?” ती म्हणाली. “माका माझी खिडकी भायरसून बघूची आसा (बाहेरून बघायची आहे).”

एवढंच. पण घाई अशी की इमारत पुनर्विकासाला गेली आहे. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी घरं रिकामी करायची, काकीने गावी जायचं, आणि मग हातोडे. नवी इमारत होईल तेव्हा होईल, पण ही खिडकी काही परत येणार नाही. उद्यानाच्या फलकावर ‘या रविवारी शुभारंभ’ असं वाचलं तेव्हा काकीने ते देवाने मुद्दाम जुळवून आणलं असं धरलं. मीही धरलं. आम्ही दोघींची तिकिटं काढली, आणि तिकिटावर गगनपाळण्याचं नाव ठळक छापलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा काकी खिडकीच्या गजांना तिची लाल साडी बांधत होती. वरून आपलं घर ओळखू यावं म्हणून. पिशवीत तिने घावने (तांदळाच्या पिठाचे जाळीदार पोळे), खोबऱ्याची चटणी आणि एक नारळ घेतला होता.

“नारळ कशाला?”

“नयो पाळणो. नारळ फोडल्याशिवाय कोण बसता?”

गावच्या जत्रेत पाळणा सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतात (देवाला मोठ्याने हकीकत सांगून मागणं मागतात) आणि नारळ फोडतात. मुलुंडच्या लोकांनी ते केलं असेल याची तिला खात्री नव्हती.

उद्यानाच्या दारातच पहिली ठेच लागली. गणवेशातल्या बाईने पिशवी उघडली आणि घावने बाजूला काढले. बाहेरचं खाणं चालत नाही. आत तेच घावने मिळतात का, असं मी विचारलं. आत बर्गर मिळतो, असं उत्तर आलं. मग नारळ निघाला.

“मावशी, हे पण खाणंच.”

“ह्यो खावचो नाय गो, फोडूचो आसा.”

“फोडायची वस्तू तर अजिबात नाही चालत, मावशी. नियम आहे.”

त्या बाईचा काही दोष नव्हता. तिने नारळ आदराने कपाटात ठेवला आणि जाताना तो परत घेण्यासाठी काकीच्या हातात पितळी बिल्ला दिला. घावने मात्र आम्ही दाराबाहेर उभ्याने खाल्ले, चटणी साडीवर सांडली, आणि वर्षभर वाट पाहिलेल्या जागेत हात पुसत पुसत शिरलो.

आत सगळं चकचकीत होतं. प्लास्टिकची झाडं होती आणि त्या झाडांत लपवलेल्या स्पीकरमधून पक्षी ओरडत होते. खाडीवर खरे पक्षी उतरलेले असताना हा खर्च कोणाला सुचला कोण जाणे. काकीने कुठेच मान वळवली नाही. ती थेट खांबाकडे निघाली, मी मागून.

रांग लांब होती. आमच्या पुढे घाटकोपरच्या एक बाई आपल्या सासूला घेऊन उभ्या होत्या. डोक्यावर छप्पर नाही, बसायला बाक नाही. आणि पाळणा तर चालू होता. खुर्च्या फिरत वर गेल्या, थांबल्या, खाली आल्या. जवळ आल्यावर दिसलं की खुर्च्यांत माणसं नव्हती, पाण्याने भरलेल्या पिवळ्या बाहुल्या होत्या, पट्टे बांधून बसवलेल्या. पाळणा परत वर गेला.

“चाचणी चालू आहे, होईल आता,” घाटकोपरच्या बाई म्हणाल्या.

ऊन डोक्यावर आलं तरी काही झालं नाही. शेवटी वॉकीटॉकी घेतलेले एक साहेब आले आणि गोड आवाजात म्हणाले, “गगनपाळणा आज सुरू होत नाहीये. परवानगी यायची आहे. तुम्हाला पुढच्या भेटीची कुपनं देतो. प्लीज को-ऑपरेट करा.”

“परवानगी नाही हे कधी कळलं?” मी विचारलं.

“काल संध्याकाळी.”

“मग सकाळी दारावर फलक का होता? तिकिटं का फाडलीत?”

“मॅडम, बाकीच्या राइड्स चालू आहेत ना.”

माझं डोकं भडकलं. परवानगीशिवाय माणसं वर नेऊ नयेत हे मला मान्य आहे, बाहुल्याच बसवा. पण काल कळलेली गोष्ट आज दुपारी सांगायची, तीही लोक उन्हात भाजून निघाल्यावर, याला काय म्हणायचं? वाट बघायला लावणं हाच यांचा धंदा. वर्षभर फलक लावून लोकांच्या मनात हौस पेरायची, आणि हौस दारात येऊन उभी राहिली की तिच्या हातात कुपन द्यायचं. हे मी साहेबांना ऐकवलंही. ते मान हलवत राहिले, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांसारखे.

 काकीने चपला काढल्या, पितळी बिल्ला दोन्ही हातांत नारळासारखा धरला आणि खांबाकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा!”

रांगेत मागून कुणीतरी, आमच्याच गावाकडचं असणार, गाऱ्हाण्याच्या सवयीने म्हणालं, “व्हय म्हाराजा!”

“ह्यो पाळणो हेंनी उभो केल्यानी, आज चालू व्हतलो म्हणान बोर्डार लिवल्यानी.”

“व्हय म्हाराजा!” आता चार-पाच आवाज होते.

“लोकां इली, उन्हात उभी रवली. कोणाक खरा सांगूक नाय.”

“व्हय म्हाराजा!” घाटकोपरच्या सासूबाईही म्हणाल्या. त्यांची भाषा गुजराती.

“पाळणो आज चलांदे, उद्या चलांदे, ता तुझ्या हातात. पण खरा बोलूची बुद्धी हेंका दी रे म्हाराजा!”

सगळी रांग गरजली. साहेबांचा चेहरा पडला. ते पुढे येऊन हळूच म्हणाले, “मावशी, परवानगी आली की तुम्हाला पहिल्या फेरीत बसवतो. नक्की. महिन्याभरात या.”

काकीने चपला घातल्या. “महिन्यान खिडकी नसतली, बाबा,” ती म्हणाली. साहेबांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगण्याइतकं बळ माझ्यातही उरलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

दारात बिल्ला देऊन नारळ घेतला. रिक्षात काकीने तो मांडीवर धरला होता. भांडुपला आल्यावर तिने आधी चहा टाकला, मग खिडकीपाशी गेली. मिठागरांवर उन्हं तिरपी झाली होती. पलीकडे पाळणा पुन्हा वर चढत होता, पिवळ्या बाहुल्या घेऊन. वर जाऊन थांबला, अगदी आमच्या समोर.

“बघ,” मी म्हणाले, “त्या बाहुल्यांना दिसतेय तुझी खिडकी.” माझा राग अजून उतरला नव्हता.

 काकीने गजांची गाठ सोडली, लाल साडी आत घेतली आणि उभ्यानेच घडी घातली. दोन्ही कुपनं तिने माझ्या पर्समध्ये ठेवली.

“तू जा गो, चालू झालो की,” ती म्हणाली. “पण वर गेल्यार भांडुपाच्या बाजूक बघू नको.”