वगळलेला आकडा

कपाट आवरताना गळक्या सेलचा उग्र वास आला आणि बाबांचा रेडिओ-स्कॅनर हाताला लागला. बाबा आणि त्यांचा मलकपेठचा मित्र, दोघेही हौशी रेडिओवाले. नवा सेट जोडला की फ्रिक्वेन्सी सांगायची नाही, समोरच्याने शोधून काढायची, ही त्यांची जुनी खोड. एका रविवारी मित्र नव्या सेटवरून बोलणार होता. नल्लकुंट्याच्या आमच्या गच्चीवर ऊन चटके देत होतं. बाबांना बारीक बटणं दिसत नसत, म्हणून स्कॅनर माझ्या हातात. शोध लावला की आकडे भराभर पळायचे आणि दर वेळी एकाच आकड्यावर अडकून नुसतं घूंऽऽ ऐकू यायचं. "थांब जरा, ऐकू दे," बाबा म्हणाले. "काय ऐकताय? खालच्या इन्व्हर्टरची घरघर आहे ती!" मी वैतागून, बाबांना न सांगता, तो आकडा वगळायचं बटण दाबलं. मग मशीन तिथे थांबेचना, आणि बाकी कुठे चिटपाखरू नाही. दोन तास नुसती डोकेफोड. शेवटी मित्राचाच फोन आला, "क्या मियाँ, सुबे से गला फाड रऊँ! सेट जरा घूं घूं करतै, मगर आवाज तो आतै ना?" बाबांनी फ्रिक्वेन्सी विचारली आणि मोठ्याने म्हणून दाखवली. तोच आकडा. मीच वगळलेला. "मेरे कानाँच गए मियाँ," बाबा फोनवर म्हणाले, आणि स्कॅनर त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही. बटण दाबायला मला क्षणही लागला नव्हता. खरं सांगायला मात्र बाबा होते तोवरची सगळी वर्षं पुरली नाहीत.