हवेत टांगलेली नळी

गहिनीनाथला विजेच्या गाडीवाल्यांचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही. सावेडीच्या रस्त्याकडेला त्याची पीयूसीची व्हॅन अकरा वर्षं उभी. गाड्यांचा धूर तपासायचा आणि प्रमाणपत्र द्यायचं, हा त्याचा धंदा. ज्या गाडीला धूरच नाही, ती त्याच्या दारात येणार कशाला? निवृत्त इंजिनिअर उत्तमराव मात्र मुद्दाम यायचे. नवी कोरी विजेची गाडी व्हॅनला खेटून उभी करायची, काच खाली करायची आणि विचारायचं, "काय गहिनीनाथ, आमचं पीयूसी काढता का?"

"मिरवा, मिरवा," ते गेले की गहिनीनाथ पुटपुटायचा. "वीज काय ह्यांच्या परसात पिकती? तिकडं कोळसा जळतोच की. आन् चार बंगलेवाल्यांनी गाड्या बदलल्या म्हंजे नगरची हवा लगीच महाबळेश्वरची झाली व्हय!"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. पण हवेबद्दल बोलावं कुणी, तर या माणसाने? त्याची कामाची रीत साऱ्या टेम्पोवाल्यांना पाठ होती. तपासणीची नळी खरं तर सायलेन्सरमध्ये घालायची. हा गडी ती व्हॅनच्या आरशाला टांगून ठेवायचा. नंबरप्लेटचा फोटो काढायचा, बटण दाबायचं. यंत्र बिचारं रस्त्यावरची मोकळी हवा मोजायचं आणि प्रमाणपत्र निघायचं टेम्पोच्या नावाचं. अकरा वर्षांत एकही गाडी नापास नाही. याला तो 'गिऱ्हाईक सांभाळणं' म्हणायचा. लाज कोळून प्यालेल्या माणसाकडे असल्या सोज्वळ शब्दांची कधी वानवा नसते.

त्याची बायको राहीबाई पुढच्याच चौकात हातगाडीवर भाजी विकायची. दोन वर्षांपासून तिला दम लागायचा. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण जागा सोडली की बांधलेलं गिऱ्हाईक तुटतं. तरी या उन्हाळ्यात तिला जरा बरं वाटत होतं. शेजारच्या स्टँडवरच्या सहाही रिक्षा एकेक करत विजेच्या झाल्या होत्या.

"अवो, रिक्षा बदलल्यापून छाती मोकळी वाटती," ती एकदा जेवताना म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? समदे मनाचे खेळ," त्याने तिला उडवून लावलं. बायकोला श्वास घेता येतोय, याचाही या माणसाला राग यावा!

तिची छाती पुन्हा भरायची ती सकाळी, कोल्हारहून भाजी आणणारा करणचा टेम्पो आला की. टेम्पोचा स्टार्टर बिघडलेला. बंद केला तर धक्का मारावा लागतो, म्हणून माल उतरेपर्यंत करण अर्धा अर्धा तास इंजिन चालूच ठेवायचा. काळा धूर थेट मेथीच्या जुड्यांवर आणि राहीबाईच्या तोंडावर.

एका मंगळवारी तिचा श्वासच अडकला. डोळे पांढरे व्हायची वेळ आली. रिक्षावाल्यांनी तिला सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि करणला फैलावर घेतलं. करण गडबडला, पण वरमला नाही. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मामी, माझ्यावर कशापायी ओरडतेत हे? गाडी पास हाय. ह्याच म्हैन्यात मामांनीच कागद दिलाय न्हवं!"

राहीबाईने तो कागद त्याच्याकडून मागून घेतला.

दुपारी ती रोजच्यासारखी डबा घेऊन व्हॅनपाशी आली. आरशाला नळी लोंबत होती. समोर एक टेम्पो भकाभका धूर ओकत उभा होता आणि तिचा नवरा नंबरप्लेटचा फोटो काढत होता. रोजचंच दृश्य, पण आज ती ते नीट बघत राहिली. टेम्पो पास होऊन गेला. गहिनीनाथने हात धुऊन डबा उघडला, तर भाकरीवर करणचं प्रमाणपत्र.

"हे काय?"

"तुमीच दिल्यालं हाय." एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं. "सकाळी जीव लई घाबरा झाला, तवा नाकाशी धरून बघितलं. श्वास काय आला न्हाई."