भाड्याच्या मशीनमध्ये राहिलेला रिपोर्ट

तिरोड्याच्या एका रक्ततपासणी केंद्रात मी बरीच वर्षं काउंटर सांभाळला. २०१०च्या आसपास आमची झेरॉक्स मशीन भाड्याची होती. लोक रिपोर्टची प्रत पुन्हा मागायला येत, म्हणून प्रत्येक रिपोर्ट आम्ही मशीनच्या मेमरीतच साठवून ठेवायचो. नाव शोधून बटण दाबलं की कागद बाहेर.

त्या वर्षी बोदलकसा तलावाकडची एक मुलगी मैत्रिणीला घेऊन सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायला आली. तिचं लग्न ठरलं होतं. रिपोर्टात ती वाहक निघाली. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, पण नवरा मुलगाही वाहक असला तर लेकरांना आजार होऊ शकतो, हे मी तिला समजावलं. तिनं कागदाची घडी घातली.

"मीच सांगीन त्याले," ती म्हणाली. "तवरिक कोणाले सांगू नका, ताई."

मी हो म्हणाले.

पंधरा दिवसांत मशीनचा करार संपला. मशीन न्यायला आलेल्या माणसानं विचारलं, "मॅडम, मेमरी खाली करनी है क्या? घंटाभर लगेगा."

काउंटरसमोर रांग होती. "राहू द्या, घेऊन जा," म्हणत मी सही केली.

ती मशीन बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्स दुकानात गेली. तिथं कोणीतरी बटणं दाबून पाहताना आमचे जुने रिपोर्ट निघाले, आणि त्या मुलीचा कागद फिरत फिरत मुलाच्या घरी पोचला. तिनं काही सांगायच्या आधीच लग्न मोडलं.

तिचे वडील तो कागद घेऊन आमच्याकडे आले. मासेमारी करणारा, कमी बोलणारा माणूस. "हा कागद त्यायच्या घरी कसा गेला?"

कागदाच्या खाली छापल्याची तारीख होती, मशीन गेल्यानंतरची. तो त्याच मशीनमधून निघाला, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. "मला काही माहीत नाही, काका," मी म्हणाले. दुपारी मशीनवाल्याला विचारून त्या दुकानात गेले आणि उभं राहून सगळे रिपोर्ट पुसून घेतले. पण नोकरी जाईल या भीतीनं त्यांना मात्र काही कळवलं नाही.

वर्षभरानं ती मुलगी आईचं रक्त तपासायला आली. बोलता बोलता म्हणाली, "मैत्रिणीलेच माहीत होतं, तिनंच कागद देल्ला, असं बाबा म्हणते. मीबी तिले नाही नाही ते बोलली. तवापासून बोलणं बंद हाय."

मग मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"तवाच काऊन नाही सांगतलं?"

"नोकरी जाईल अशी भीती वाटली," मी म्हणाले.

"हे लिहून द्या," ती म्हणाली. मी कोऱ्या कागदावर घडलं ते लिहिलं, खाली माझं नाव घातलं. कागद घेऊन ती आईसोबत निघून गेली. मैत्रिणीनं तो वाचला का, तिला तो पटला का, मला कधी कळलं नाही. आईचा रिपोर्ट न्यायला दुसरंच कोणी आलं.