यादीत आलेली दुसरी डिस्क

भुताखेताचा विषय निघाला की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस... बोईसरला स्टेशनजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, ते शोधायचं — एवढंच मला कळतं. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय. आणि खरं सांगू का, भुतापेक्षा स्वतःचीच जास्त वाटतेय.

दातिवऱ्याच्या एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. मी तो चालू केला, हार्ड डिस्कची टकटक ऐकली आणि सांगून टाकलं, "डिस्क गेली. नवीन टाकावी लागेल."

"आतलं निघंल ना भाऊ? आमच्या आयचे धवले हायत त्यात, लग्नातली गाणी. आय गेल्या साली गेली. आता पोरीचं लगीन हाय, तवा लावायचे हायत."

"काही निघणार नाही, ताई. बघितलं मी."

बघितलं कुठे होतं? जुनी डिस्क केबलला लावून वाचत बसायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि टेबलावर आणखी सहा मशीनं पडलेली. चक्क खोटं बोललो. ताई बाजारात गेल्या. मी नवीन डिस्क बसवली, विंडोज टाकायला पेनड्राइव्ह लावला आणि सवयीने जुनी डिस्क फोडली. आमच्या धंद्यात बरेच जण फोडतात... आतलं लोहचुंबक जबरदस्त असतं, स्क्रू हरवू नयेत म्हणून टेबलावर ठेवायला बरं पडतं.

इन्स्टॉलेशन मध्येच थांबायला लागलं. पेनड्राइव्ह बदलला, सेटिंग बदललं, रॅम काढून पुसून लावली. चौथ्या वेळी विंडोज कुठे टाकायचं ती डिस्कची यादी आली, आणि त्यात दोन ओळी. एक नवीन, रिकामी. दुसरी जुन्या डिस्कच्या मापाची, भरलेली, नाव — ‘आय’. त्या लॅपटॉपमध्ये डिस्कला जागाच एक. मी नवीन डिस्क काढून बघितली, तर रिकाम्या मशीनमध्ये ती ओळ एकटी तशीच.

"झालं का भाऊ?" ताई परत आल्या होत्या. स्क्रीनकडे बघून थबकल्या. "आय... ह्ये नाव आमच्या पोरीनंच दिलेलं. मंजे हाय ना ते आत?"

जुन्या डिस्कच्या चकत्या टेबलावर पडल्या होत्या. त्यांच्याच लॅपटॉपचे स्क्रू त्या चुंबकाला चिकटलेले. ती ओळ उघडून बघायची, कॉपी करून बघायची, तर आधीचं खोटं उघडं पडणार... "नुसतं नाव राहतं, ताई," म्हणालो. नवीन डिस्क परत बसवली, ती ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. नक्की ना, असं मशीनने विचारलं. तेही दाबलं.

मग वीस मिनिटांत विंडोज इन्स्टॉल झालं. एकही एरर नाही.

लग्नानंतर ताई सुके बोंबील घेऊन आल्या. "आमी बायांनीच धवले म्हटले, आठवले तेवढे. अर्ध्यावर थांबलो," म्हणाल्या. "तुमी परयत्न केला ना भाऊ, तेवढं बस हाय."

फोडलेल्या डिस्कचं नाव स्क्रीनवर कसं आलं, हे मला आजही सांगता येत नाही. डिलीट का दाबलं, ते मात्र पक्कं माहीत आहे. तेवढं तरी ताईंना सांगायला हवं होतं... मी बोंबील घेतले आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.